गँट चार्ट फाडू नका, त्याचे तीन तुकडे करा

वाचकाचं पत्र

गेली १४ वर्षं मी प्रोजेक्ट मॅनेजर आहे. सध्या एका रुग्णालयाचं काम हातात आहे. नव्या इमारतीत केबलिंग, सर्व्हर आणि नेटवर्क उभं करायचं, जुन्या प्रणालीतल्या २० वर्षांच्या रुग्णनोंदी नव्या प्रणालीत आणायच्या आणि वॉर्डातल्या नर्स-डॉक्टरांसाठी नवे स्क्रीन बनवायचे. मुदत ११ महिने. सगळं नेहमीच्या पद्धतीने आखून झालं होतं आणि आता वरून फर्मान आलंय की यापुढे सगळे प्रोजेक्ट अ‍ॅजाइल. टीममधली तरुण मुलं खूश आहेत. माझा गँट चार्ट (कामं आणि तारखांचा पट्ट्यापट्ट्यांचा तक्ता) बघून एकाने हसत हसत सांगितलं, "मॅडम, हा म्युझियमला द्या." दुसरीकडे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला तारीख, रक्कम आणि कामांची यादी, तिन्ही सहीशिक्क्यानिशी हवंय. खरं सांगा, मी कालबाह्य झालेय का? आणि ते दोन दिवसांचं स्क्रमचं (अ‍ॅजाइलची एक ठरलेली पद्धत) सर्टिफिकेट करून टाकू का?

– एक वॉटरफॉलवाली

उत्तर

नमस्कार वॉटरफॉलवाली,

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही ओघात लिहून गेलात: केबलिंग, जुन्या नोंदी, वॉर्डाचे स्क्रीन. एका कराराखाली बांधलेली ही तीन वेगळी कामं आहेत आणि तिघांचा स्वभाव वेगळा. तुमच्याकडे भांडण चाललंय ते तिघांना एकाच मापाचा अंगरखा शिवायचा म्हणून. साहेब म्हणतात नवा शिवा, क्लायंट म्हणतो जुनाच बरा. माप मात्र अजून कुणी घेतलेलं दिसत नाही.

मी माप घेते ते दोन प्रश्न विचारून. या कामाबद्दल आज आपल्याला किती ठाऊक आहे? आणि उद्या मत बदललं तर किती महागात पडेल? पारंपरिक पद्धत (वॉटरफॉल), म्हणजे आधी सगळं ठरवा, सह्या घ्या, मग टप्प्याटप्प्याने करत जा, ही जिथे बरंच ठाऊक आहे आणि मत बदलणं महाग आहे तिथे शोभते. थोडं करा, दाखवा, ऐका आणि पुढचं ठरवा, अशा छोट्या फेऱ्यांत (त्यांना स्प्रिंट म्हणतात) बदलत जाणारी पद्धत, म्हणजे अ‍ॅजाइल, जिथे फारसं ठाऊक नाही आणि बदल स्वस्त आहे तिथे. आता तुमची तीन कामं या दोन प्रश्नांपुढे उभी करू.

केबलिंगचं लवकर उरकते. केबल कुठून कुठे जायची, किती पॉइंट लागतील, सर्व्हरच्या खोलीला किती थंडावा आणि किती वीज लागेल, हे आज मोजून सांगता येतं. भिंतीला प्लास्टर झाल्यावर "इथे अजून दोन पॉइंट हवे होते" म्हणणं परवडत नाही. तेव्हा इथे तुमचा गँट चार्टच चालणार आणि कुणी हसलं तर हसू द्या. सिडनीच्या ऑपेरा हाउसचं काम १९५९ साली सुरू झालं तेव्हा छताच्या त्या प्रसिद्ध कवचांची भूमिती ठरलेलीच नव्हती. ती सुटेपर्यंत खालचे खांब उभे राहिले होते आणि ते नव्या छताचं वजन पेलणारे नव्हते. पाडून पुन्हा बांधावे लागले. १९६३ साली ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांत संपायचं काम १९७३ साली १०.२ कोटींत संपलं. इमारत देखणी झाली हे खरं, पण काँक्रीटमध्ये स्प्रिंट करू नये.

वॉर्डाच्या स्क्रीनबद्दल मात्र मला तुमचा कान धरायचा आहे. तुम्ही लिहिलं नाहीत, पण पैजेवर सांगते की तुमच्या चार्टवर नर्सच्या हातात स्क्रीन पहिल्यांदा पडतोय तो नवव्या-दहाव्या महिन्यात, "यूएटी" नावाच्या पट्टीखाली, म्हणजे वापरणाऱ्यांकडून करून घ्यायच्या शेवटच्या चाचणीत. बरोबर?

माझ्या उमेदीच्या काळात आम्ही एका गोदामासाठी हातात धरायच्या यंत्रावरचं सॉफ्टवेअर बनवलं होतं. गरजांचा दस्तऐवज १८० पानी, पानोपानी सही. सात महिन्यांनी यूएटीला पहिला माणूस आला, तो शीतगृहात काम करणारा. त्याने यंत्र उचललं, स्क्रीनवर बोट ठेवलं. काही झालं नाही. पुन्हा ठेवलं. मग हातमोजा दातांत धरून ओढून काढला, बटण दाबलं, मोजा परत चढवला. पुढच्या खोक्याला पुन्हा तेच. चौथ्या खोक्याला त्याने यंत्र टेबलावर ठेवलं आणि म्हणाला, "कागदच बरा होता." आम्ही परत जाऊन ती १८० पानं चाळली. त्यांत हातमोजा हा शब्द एकदाही नव्हता. सह्या करणाऱ्या साहेबांपैकी कुणी शीतगृहात खोकी मोजली नव्हती आणि ज्याने मोजली होती त्याला आम्ही काही विचारलं नव्हतं.

तुमच्या वॉर्डातही असा एखादा हातमोजा लपलेला असणार. ड्यूटी बदलताना दोन नर्स एकाच स्क्रीनसमोर उभ्या राहतात की एकजण तोंडी सांगते आणि दुसरी टिपून घेते? नोंद पलंगाजवळ होते की फेरी संपल्यावर टेबलाशी? बैठकीत विचारलंत तर नियमात लिहिलेलं उत्तर मिळेल. खरं उत्तर मिळायला अर्धाकच्चा स्क्रीन हातात देऊन शेजारी गप्प उभं राहावं लागतं. म्हणून हे काम दोन-दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये करा, एक वॉर्ड निवडून. डेमो कॉन्फरन्स रूममध्ये नको, वॉर्डातच, आणि तोही ड्यूटी बदलण्याच्या वेळी. पहिले दोन डेमो वाईट जातील. ते वाईट जायलाच हवेत. एक अपवाद सांगून ठेवते: औषधाच्या मात्रेचा हिशेब करणारा भाग स्प्रिंटमध्ये बनवा खुशाल, पण त्याच्या चाचण्या आधी लिहून, डॉक्टरांची सही घेऊन आणि दर वेळी सगळ्याच्या सगळ्या पुन्हा चालवून. तिथे "पुढच्या स्प्रिंटला बघू" चालत नाही.

आता जुन्या नोंदी. तुमचं घोडं अडणार असेल तर इथेच अडेल.

हे काम दोन्ही पद्धतींच्या मधल्या फटीत पडतं. पारंपरिक आराखड्यात ते "डेटा मायग्रेशन – ६ आठवडे" अशी एक गुळगुळीत पट्टी होऊन बसतं आणि अ‍ॅजाइल फळ्यावर एक चिठ्ठी. ती चिठ्ठी मी पाहिलेली आहे. काही वर्षांपूर्वीच्या एका कामात फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात ती होती: "जुना डेटा आणणे". दर स्प्रिंटच्या सुरुवातीला कुणीतरी तिच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, पुढच्या वेळी घेऊ. डेमोत टाळ्या नव्या स्क्रीनला पडायच्या, व्हेलॉसिटीचा, म्हणजे कामाच्या वेगाचा, आलेख चढता होता, रेट्रोत (स्प्रिंटनंतरच्या आढावा बैठकीत) सगळे आनंदी. चिठ्ठीचा गोंद वाळून ती दोनदा खाली पडली, मग कुणीतरी तिला टाचणी लावली. अकराव्या स्प्रिंटला ती हातात घेतली तेव्हा कळलं की जुन्या प्रणालीत एकाच ग्राहकाला शाखेगणिक वेगळा क्रमांक होता आणि आम्ही एक माणूस, एक क्रमांक असं धरून सगळा डोलारा उभा केला होता. त्यापुढचे चार महिने कसे गेले ते लिहीत नाही.

म्हणजे बदलत जाणारी पद्धतही तितकीच आंधळी होऊ शकते. जे दाखवता येत नाही ते ढकललं जातं, कारण दोन आठवड्यांनी डेमो द्यायचा असतो. म्हणून नोंदींच्या कामाला दोन्हीकडचं थोडं थोडं घ्या. पहिल्याच महिन्यात जुन्या प्रणालीतल्या शे-पाचशे नोंदी उचलून नव्यात टाकून बघा. साफसूफ केलेल्या घेऊ नका, अगदी जुन्या, अर्धवट, दोनदा नोंदलेल्या घ्या. काय काय फुटतं याची यादी होईल, तोच तुमचा बॅकलॉग. त्यानंतर तीन रंगीत तालमी ठरवा, पूर्ण डेटाच्या, आणि त्यांच्या तारखा मात्र गँट चार्टवर पक्क्या. प्रत्यक्ष बदलीच्या रात्रीचा आराखडा तासातासाचा हवा आणि त्यात परत फिरण्याची वेळ लिहिलेली हवी: अमुक वाजेपर्यंत अमुक इतक्या नोंदी जुळल्या नाहीत तर जुनी प्रणाली पुन्हा सुरू. ही वेळ शांत डोक्याने दिवसा ठरवायची असते. रात्री दोन वाजता सगळ्यांनाच वाटतं, अजून अर्धा तास थांबू.

आणि ते सहा आठवडे कुठून आले, हे स्वतःला विचारा. १९५८ साली अमेरिकेच्या नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी पर्ट नावाची पद्धत काढली. ती प्रत्येक कामाला एक मुदत न विचारता तीन विचारते: सगळं सुरळीत झालं तर किती, बहुधा किती, आणि सगळं बिघडलं तर किती. मधल्या आकड्याला चौपट वजन देऊन बेरीज करायची आणि सहाने भागायचं. तुमच्या नोंदींना चार, सहा आणि चौदा आठवडे धरले तर ४ अधिक २४ अधिक १४ म्हणजे ४२, भागिले सहा, सात आठवडे. एका आठवड्याचा फरक किरकोळ वाटेल. पण तो चौदाचा आकडा पहिल्यांदा कागदावर आला, क्लायंटसमोर मोठ्याने वाचला गेला, यात खरी कमाई आहे. गंमत बघा, अनिश्चितता मोजणारं हे साधन तुमच्या त्या "म्युझियम"मधलंच आहे.

म्युझियमचा विषय निघालाच आहे तर त्या मुलाला दोन गोष्टी जरूर सांगा, रागाने नको. वॉटरफॉलचं मूळ म्हणून ज्या लेखाकडे बोट दाखवतात तो विन्स्टन रॉयस यांचा १९७० सालचा. एकाखाली एक पायऱ्या उतरत जाणारं ते चित्र त्यात आहे खरं, पण चित्राच्या पाठोपाठच रॉयस लिहितात की हे असंच राबवणं धोक्याचं आहे आणि अपयशाला आमंत्रण देणारं आहे. चाचणी अगदी शेवटी येते आणि तिथे काही बिघडलं तर पार मुळाशी जावं लागतं, ही त्यांची तक्रार होती. प्रणाली पहिल्यांदाच बनत असेल तर ग्राहकाच्या हातात जाणारी आवृत्ती दुसरी असावी, असा त्यांचा सल्ला होता. लोकांनी चित्र उचललं आणि मजकूर तिथेच ठेवला. आणि २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या युटा राज्यात १७ जणांनी जो अ‍ॅजाइलचा जाहीरनामा लिहिला, त्यातल्या चार मूल्यांखाली एक वाक्य आहे, ते कुणी वाचत नाही: उजवीकडच्या गोष्टींनाही, म्हणजे आराखडा, करार, कागदपत्रं यांनाही मोल आहे, आम्ही डावीकडच्यांना, म्हणजे बदलाला प्रतिसाद, ग्राहकाची साथ, चालणारं सॉफ्टवेअर यांना, अधिक मोल देतो इतकंच. आराखडा फेका असं त्या १७ जणांपैकी कुणी म्हटलेलं नाही.

साहेबांना उदाहरण लागेल. त्यांना एफबीआयचं द्या, कारण त्यात दोन्ही बाजूंना काही ना काही सापडतं. तपासाच्या फायली संगणकावर आणण्याचा त्यांचा पहिला मोठा प्रयत्न २००५ साली गुंडाळावा लागला, सुमारे १७ कोटी डॉलर खर्चून. २००६ मध्ये सेंटिनेल या नावाने पुन्हा सुरुवात झाली, टप्प्याटप्प्यांची, बाहेरच्या कंत्राटदाराकडून, आणि तीही रेंगाळली. २०१० मध्ये त्यांनी काम स्वतःकडे घेतलं, टीम लहान केली, दोन आठवड्यांचे स्प्रिंट लावले आणि जुलै २०१२ मध्ये प्रणाली सगळ्यांसाठी सुरू झाली. साहेब इथवर ऐकून खूश होतील. मग पुढचंही सांगा. गरजांची जी यादी घेऊन ती लहान टीम धावली, ती आधीच्या वर्षांत जुन्या पद्धतीने लिहिलेली होती. आणि ऑक्टोबर २०११ मध्ये बऱ्याच जणांना एकदम प्रणालीवर बसवून पाहिलं तेव्हा ती बंद पडली आणि हार्डवेअर अपुरं असल्याचं उघड झालं. स्क्रीन स्प्रिंटमध्ये बनले, पण सर्व्हर काही स्प्रिंटने वाढत नाहीत.

त्यावरून तुमच्या चार्टबद्दल एक सुचवते. तो बहुधा मजल्यांनुसार असेल: आधी पहिला मजला, मग दुसरा. तो वॉर्डानुसार लावून बघा. जो वॉर्ड तुम्ही डेमोसाठी निवडाल तिथलं नेटवर्क चौथ्या महिन्याअखेर, बाकीचं मागाहून. कंत्राटदार कुरकुरेल, त्याला खालून वर जाणं सोयीचं असतं. पण तुमच्या स्प्रिंटना खरं नेटवर्क, खरा वेग आणि खऱ्या नोंदी मिळाल्या नाहीत तर तुमच्या दोन पद्धती दोन वेगळ्या खोल्यांत चालतील आणि दहाव्या महिन्यात एकमेकींना पहिल्यांदा भेटतील. ज्या तारखेला केबलिंगचं काम स्क्रीनच्या कामाला काही देतं, नोंदींचं काम स्क्रीनला काही देतं, तेवढ्याच तारखा मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावा. सात-आठच निघतील. प्रोजेक्ट मॅनेजर म्हणून तुमचं लक्ष तिथे हवं. दोन तारखांच्या मधे टीम चिठ्ठ्या कशा हलवते यात डोकं घालू नका. स्टँडअप, म्हणजे टीमची रोजची छोटी बैठक, पंधरा मिनिटांचा असतो आणि तो तुम्हाला रिपोर्ट देण्यासाठी नसतो, हे तुम्हाला सुरुवातीला जड जाईल. मला गेलं होतं.

राहिला क्लायंट. तारीख, रक्कम आणि यादी तिन्ही आजच गोठवा म्हणणाऱ्यावर चिडू नका. त्यालाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचंय. पण तिन्ही कबूल करून येऊही नका. अगदी सुरुवातीला केलेला अंदाज चौपट वर किंवा पाव इतका खाली चुकू शकतो, असं सॉफ्टवेअर अभियांत्रिकीचे अभ्यासक बॅरी बोहम यांनी १९८१ मध्येच सॉफ्टवेअरबद्दल मांडलं होतं. तिन्ही गोष्टी बांधून घेतल्यात तर हा फरक कुठून तरी बाहेर पडतोच आणि तो पडतो चाचणीच्या दिवसांतून. त्यामुळे केबलिंगसाठी तिन्ही द्या, तिथे देता येतात. स्क्रीनसाठी तारीख आणि रक्कम पक्की द्या, यादी मात्र क्रमाने लावलेली: याशिवाय वॉर्ड सुरूच होणार नाही, हे असायला हवं, हे असलं तर बरं. १९९४ साली आलेल्या डीएसडीएम या अ‍ॅजाइल पद्धतीतलं हे तंत्र आहे आणि "याशिवाय चालणारच नाही" या गटात एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांपेक्षा जास्त जाऊ देऊ नका, असा त्यांचा दंडक. पहिल्या बैठकीत क्लायंट सगळंच त्या गटात टाकेल. मग त्याला एकच विचारा: ही एक गोष्ट नसेल तर गो-लाइव्ह, म्हणजे प्रणालीची प्रत्यक्ष सुरुवात, पुढे ढकलाल का? बऱ्याच गोष्टी आपोआप खाली सरकतात. नवं काही सुचलं तर घ्यायचं, तेवढ्याच मापाचं न सुरू झालेलं एक काम बाहेर काढून. चेंज रिक्वेस्टचा फॉर्म नको, वेगळं बिल नको. हे करारात एका परिच्छेदात बसतं.

आणि त्याच करारात आणखी एक ओळ घाला, माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. रुग्णालयाने एक अनुभवी नर्स आठवड्यातून दोन अर्धे दिवस या कामासाठी मोकळी द्यायची आणि स्क्रीनबद्दल तिचा शब्द अखेरचा. "उपलब्धतेनुसार" असं लिहू देऊ नका. तिच्या जागी वॉर्डात कोण उभं राहील तेही लिहून घ्या, नाहीतर दुसऱ्या महिन्यापासून ती येणं बंद होईल आणि तिच्या वतीने आयटी विभागातला एखादा गृहस्थ अंदाजाने उत्तरं देऊ लागेल. मी पाहिलेले अ‍ॅजाइल प्रयोग फसले ते बहुतेक इथे. फळा होता, चिठ्ठ्या होत्या, रोजचा स्टँडअप होता, फक्त निर्णय घ्यायला कुणी नव्हतं.

कालबाह्य झालेय का, असं तुम्ही विचारलंत. प्रोजेक्ट मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने २०२१ मध्ये काढलेल्या आपल्या मार्गदर्शिकेच्या सातव्या आवृत्तीत आधी आखून करायची, बदलत जाणारी आणि दोन्ही मिसळलेली अशा तिन्ही तऱ्हांना जागा दिलेली आहे, कामाच्या स्वभावाप्रमाणे निवडा म्हणून. तेव्हा कागदोपत्री तरी तुम्ही सुरक्षित आहात. पण तुमच्या मनातली भीती वेगळी असावी असं वाटतं. १४ वर्षं तुमची पत तुम्हाला आधीच ठाऊक असण्यावर उभी होती आणि आता दर दोन आठवड्यांनी चारचौघांत "हे आम्हाला माहीत नव्हतं" म्हणायची वेळ येणार आहे. ते त्या तरुण मुलांना सोपं जातं, कारण त्यांच्याकडून कुणाची तशी अपेक्षाच नाही. तुम्हाला पहिल्या दोन-तीन वेळा अवघड वाटेल. त्या डेमोंना साहेबांना बोलावू नका. चौथ्यापासून बोलवा.

सोमवारी टीमपुढे चार्ट घेऊन बसा आणि तो खरंच कात्रीने तीन भागांत कापा. केबलिंगचा भाग तसाच ठेवा. स्क्रीनचा भाग ज्याने म्युझियमचा विनोद केला त्याच्या हातात द्या, याचा बॅकलॉग तू लाव म्हणून. नोंदींचा तुकडा स्वतःकडे ठेवा.

ता.क. सर्टिफिकेटचं राहिलंच. कंपनी पैसे भरत असेल तर करा, दोन दिवसांत सगळे शब्द कळतील आणि बैठकीत कुणी शब्दांनी दबवणार नाही. त्याआधी २०२० चं स्क्रम गाइड वाचून घ्या. फुकट मिळतं, पंधरा पानांच्या आत आहे, तासाभरात संपतं. त्यात स्प्रिंट एक महिना किंवा त्याहून कमी असावा असं म्हटलंय. दोनच आठवड्यांचा हवा असं कुठेही म्हटलेलं नाही, तेव्हा रुग्णालयाच्या ड्यूट्यांच्या वेळापत्रकात तीन आठवडे बसत असतील तर खुशाल तीन धरा.